मोजणीचा दिवस

मुलींचा वेग मोजून मशीनने कॉलेजांचे नवे गट पाडले आणि धारणे सरांचा खो-खो संघ सगळ्यांत सोप्या गटात गेला. प्राचार्यांनी त्यांना स्वतःच्या हाताने पेढा भरवला. मोजणीच्या आदल्या संध्याकाळी सरांनी सरावाच्या नावाखाली मुलींना पाय गळेपर्यंत पळवलं होतं. का, ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

तेवढ्यात संघातली सगळ्यांत चपळ पोर, जुईली, हातात बूट घेऊन आली. मशीनने तिच्या नावापुढे कायमचा शेरा मारला होता : ‘वाढ संपली. राज्य संघासाठी विचार नको.’

“हे कुणाला तरी द्या, सर.”

“अगं, मशीनचंही चुकतं कधीकधी.”

“नाही सर. मोजणीच्या दिवशी मी अगदी जीव तोडून पळाले होते.”

सरांना पेढा गिळवेना.