पोचलेला उपास

"भूक आणि थकवा आता विसरायचे," दंडात कुपी बसवताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आणि केतकी खरोखरच विसरली. लोह, कॅल्शियम, प्रथिनं, सगळं ती कुपीच रक्तात सोडायची. तिच्या कबड्डी संघातल्या, तिशी ओलांडलेल्या सगळ्याच बायकांच्या दंडात ती होती, आणि संघ तेव्हापासून हरला नव्हता.

परवा संघातली वैजू चढाई करून हसत परतली आणि मध्यरेषेवरच कोसळली, ती पुन्हा उठलीच नाही. हृदय केव्हाचं थकलं होतं. तिला ते कळलंच नाही.

आज वैजूच्या सासूबाई केतकीजवळ येऊन बसल्या. "सोळा सोमवार धरले होते गं तिनं, लेकीच्या दुखण्यासाठी. पण भूकच लागत नसेल, तर उपास देवाला पोचला असेल का?"

केतकीचा हात स्वतःच्या दंडाकडे गेला. "राहिलेले सोमवार मी धरते, माई."

"दंडात ते घेऊन? तसे उपास मीही करीन, पोटभर जेवून."

"काढून टाकते."

"मग संघात ठेवतील तुला?"

"नाही ठेवणार."

रविवारी सरावाच्या वेळी केतकीनं देवापुढे दिवा लावला आणि ती निघाली. मैदानाच्या वळणावर न वळता ती सरळ दवाखान्याकडे चालू लागली.