ताईचं उतरलेलं

दुकानात एका फळीवर नामांकित कंपनीच्या नव्या कोऱ्या पर्स होत्या आणि समोरच्या फळीवर त्याच कंपनीच्या, कुणीतरी वापरून विकलेल्या. साठी ओलांडलेली धाकटी सवयीनं वापरलेल्यांकडे वळली, तसा ताईनं तिचा दंड धरला.

"नवीच घे. जन्मभर माझं उतरलेलं वापरलंस. फ्रॉक, दप्तर, चपला."

"टोमणे तेवढे नवे मिळाले."

ताई हसली. धाकटीनं नवी पर्स खांद्याला लावून दुकानात दोन फेऱ्या मारल्या. चामड्याचा ताठ पट्टा खांद्यात रुतू लागला. मग तिनं वापरलेली लावून पाहिली, तर ती अंगचीच असल्यासारखी बसली. धाकटी थबकली.

"ताई, शाळेतल्या नव्या चपला तुला चावायच्या का गं?"

"दर वर्षी. टाचेला हे एवढाले फोड. का?"

"मला एकही कधी चावली नाही."

तिनं वापरलेली पर्स जागच्या जागी ठेवली आणि नवी उचलून काउंटरवर दिली.

"अगं, पट्टा रुततोय ना तुला?" ताईनं विचारलं.

"रुतू दे. वर्षभर वापरून मऊ करते. मग तू घे."