आवळीभोजन

"आजी, डबे बंद करा. बागेत जेवायला मनाई आहे," चौकीदार काठी आपटत म्हणाला.

कार्तिक सरत आला होता. आमच्या भागात आवळीचं झाडच उरलेलं नाही, म्हणून मुलगा, सून आणि नात यांना घेऊन मी दोन बस बदलून या बागेत आले होते. मुलगा लगेच "सॉरी हं" म्हणत डबे पिशवीत भरू लागला. नात हातात रिकामी ताटली धरून तशीच बसली.

"कुठं लिहिलंय?" मी विचारलं.

"फाटकावर पाटी आहे. वाचता येत असेल तर वाचा."

मी उठले. अक्षरं साठीत शिकले, त्यामुळे वेळ लागतो. बोट ठेवून अकराही नियम मोठ्यानं वाचले. फुलं तोडू नका, कुत्री आणू नका, हिरवळीवर क्रिकेट खेळू नका. जेवणाबद्दल एक शब्द नव्हता.

"साहेबांनी तोंडी सांगितलंय," मागे उभा चौकीदार पुटपुटला.

"मग साहेबाला लिहायला सांग. तोवर आम्ही जेवतो."

तो गेला, पण माझा राग उतरेना. परत येऊन मुलाला म्हटलं, "सोळा वर्षं शिकलास. येताना त्याच पाटीसमोरून आलास ना?"

"जाऊ दे ना आई, लोक बघतायत."

मी पिशवी त्याच्या हातातून ओढली. आवळीला नैवेद्य दाखवला. नातीला वाढलं, सुनेला वाढलं आणि स्वतः जेवायला बसले.

"तुझं तू वाढून घे," त्याला म्हटलं.