उचलण्याचा वर्ग

"हात भरलेले असताना दार कसं ढकलता, काका? कंबरेनं ना? तसंच मागे जायचं. पाठ नाही वाकवायची."

शिंपीकाका मागे गेले. पाठ वाकलीच. सगळी हयात मशीनवर वाकून गेलेली पाठ ती, एका सकाळीत कुठली ऐकतेय. समोर मॅटवर वर्गातली सगळ्यात लहान केटलबेल, वर कडी असलेला लोखंडी गोळा, ढिम्म बसून होती. त्यांनी कडीत दोन्ही हात घातले, दात आवळले आणि ती गुडघ्यापर्यंत आणली. तिथून ती आपल्या मर्जीनं खाली गेली.

वर्गात ते धरून पाच जण. बँकेतला कारकून, दोघी बहिणी आणि एक दातांची डॉक्टर. बाकी सगळे अंगाबरोबर ताणल्या जाणाऱ्या कपड्यांत. काका कडक इस्त्रीच्या पँटमध्ये, पट्टा आवळून.

"पहिला दिवस आहे, होतं असं," ट्रेनर म्हणाली. वयानं त्यांच्या मुलीएवढी असेल. "बाकीच्यांचं मला माहीत आहे. तुम्ही कशासाठी आलात? पोट कमी करायचंय, की शुगर?"

"उचलायचंय."

"किती?"

"साठेक किलो. आता थोडं कमी भरेल."

कारकून हसला. बहिणींपैकी धाकटीही हसली, तोंडावर हात ठेवून. चारचौघांत बरं दिसत नाही म्हणून काकाही थोडं हसले. मग म्हणाले, "मिसेसचे पाय गेलेत. पलंगावरून उतरवताना घसरते कधीकधी. एकदा खाली गेली की मला काही उचलत नाही."

कारकुनानं पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली.

ट्रेनरनं केटलबेल पायानं बाजूला सारली आणि मॅटवर आडवी झाली. "मी त्या आहे असं समजा. उचला मला. कुठे चुकतंय ते बघू."

"अहो मॅडम, असं कसं..."

"उचला, काका."

तिनं अंग सैल सोडलं. काका गुडघ्यांवर बसले. परक्या पोरीला हात लावायचा म्हणून आधी तळवे पँटला पुसले, मग तिच्या काखेत घातले. तिची मान एकीकडे कलली. ती सावरायला गेले तर दुसरा हात निसटला.

"हिला निदान कडी होती," ते केटलबेलकडे बघून पुटपुटले.

"छातीशी घ्या. पाय रोवा. आता कंबर."

त्यांनी सगळं केलं. ती वीतभर वर आली आणि परत टेकली. दुसऱ्या खेपेला तेवढीही आली नाही. दातांची डॉक्टर न राहवून पुढे झाली. "मी धरू का एका बाजूनं?"

"घरी दुसरं कोण असतं, काका?" ट्रेनरनं खालूनच विचारलं.

"दिवसा कोणी नाही."

डॉक्टर आपल्या जागेवर परत गेली.

काकांनी आणखी एकदा हात घातले आणि तसेच काढून घेतले. मग तिच्या शेजारीच मॅटवर फतकल मारली. कपाळावरचा घाम बाहीनं पुसला.

"घरीही इथपर्यंतच येतो मी," ते म्हणाले.

"मग काय करता?"

"काय करणार? डोक्याखाली उशी देतो. शेजारचे संध्याकाळी कामावरून आले की उचलतात. तोवर बसतो बोलत."

तास संपला होता. दाराच्या काचेतून पुढच्या वर्गाची माणसं आत डोकावत होती. ट्रेनर उठली नाही. छताकडे बघत तशीच पडून राहिली.

"त्या काय बोलतात?"

"ती होय?" काकांनी पँटवरची धूळ झटकली. "ती म्हणते, फरशी गार आहे हो, तुम्ही तरी वर बसा."