खाली इंजिनापाशी

नौदल दिनानिमित्त विधानसभेत अभिनंदनाचा ठराव वाचला जात होता. एकाहत्तरच्या युद्धाचं वर्णन करताना आजोबांच्या बोटीचं नाव आलं आणि चाकणच्या घरी टीव्ही पाहणारी सुप्रिया थक्क झाली.

"आबा, हे सगळं तुम्ही आम्हाला कधीच कसं नाही सांगितलं?"

गेनबा ओशाळले. "काय सांगू, पोरी? मी खाली इंजिनापाशी व्हतो. लढाई मला दिसलीच न्हाई."

"आणि बोटीवर गोळा पडला असता तर?"

"तर खालच्यांना वर यायला येळ मिळत न्हाई," गेनबा सहज म्हणाले.

टीव्हीवर सगळे आमदार नौदलाच्या सन्मानार्थ उभे राहिले. सुप्रियाही उठली आणि टीव्हीकडे पाठ करून आबांसमोर ताठ उभी राहिली.