एका हाताची दुरुस्ती

"हळू बोला, सर," स्पीकरवरून एका बाईचा आवाज कुजबुजला. "बाळ आत्ताच झोपलंय. खांद्यावर."

साहेबांनी तोंड मिटलं. पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममध्ये हे पहिल्यांदाच घडत होतं. साहेबांचा आवाज पाच पंपांच्या वर ऐकू येतो, अशी ख्याती होती. आज पंपच बंद होते. ते चालवणारा प्रोग्रॅम अडला होता, आणि तो दुरुस्त करणारी बाई घरून फोनवर होती. टाकीत पाऊण तासाचं पाणी, आणि टाकीच्या भरवशावर अर्धं शहर नि एक इस्पितळ. पंप हातानं सुरू करायचा खटका साहेबांनीच गेल्या वर्षी जुनाट म्हणून काढून टाकला होता.

"फुकटच्या सॉफ्टवेअरचे धंदे," साहेब शक्य तितक्या हळू गरजले.

"फुकट नाही, सर, उघडं. त्याचा कोड कुणालाही वाचता येतो, म्हणून तर आत बघता येतंय. विकत घेतलाय तो माझा वेळ. तो वापरू द्या."

स्क्रीनवरचा बाण आपोआप सरकू लागला. हजारो ओळी वर गेल्या, खाली आल्या. एका ओळीशी बाण थांबला.

"सापडलं. पंप किती वेळा सुरू झाले, ते हा प्रोग्रॅम मोजतो. आकड्याला घरं पाच. आज सकाळी लाखावी वेळ. सहावं घरच नाही, म्हणून अडून बसलाय. लिहिणाऱ्यानं सतरा वर्षांपूर्वी शेजारी टीप ठेवलीये. वाचू?"

"वाचा."

"'पाच पुरे. इतकी वर्षं हे कोण वापरणार आहे?'"

ऑपरेटर मुलगी फिस्सकन हसली. साहेबांनी ओठांवर बोट ठेवून तिच्याकडे डोळे वटारले.

मग अक्षरं उमटू लागली. एक. थांबून दुसरं. तिचा मोकळा हात एकच होता. पाना घेऊन आलेल्या फिटरनं कुणी न सांगता दारातच बूट काढले. शहराचं पाणी एकेका अक्षरानं पुढे सरकत होतं, आणि खोलीत श्वाससुद्धा कुणी मोठ्यानं घेत नव्हतं.

"झालं. ही दुरुस्ती सगळ्यांसाठी टाकते, आपोआप पोचेल. अजून तीसएक गावांचे पंप यावरच आहेत. त्यांची लाखावी वेळ यायचीय."

"कळवायला हवं त्यांना."

"कशाला? त्यांचे पंप थांबणारच नाहीत."

साहेब स्क्रीनकडे बघत राहिले. देवळात बघावं तसं.

एवढ्यात पाचही पंप धडधडले. जमीन हादरली. साहेबांनी झेप घेऊन माइकवर दोन्ही पंजे दाबले. क्षणभरानं एक बोट उचलून विचारलं, "उठलं?"

"नाही," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

लगेच दुसरा वाजला. आयुक्त होते.

"पाणी सुरू झालंय, सर," साहेब कुजबुजले.

"काय? मोठ्यानं बोला!"

साहेबांनी बंद झालेल्या स्पीकरकडे एकदा पाहिलं.

"सर," ते म्हणाले, "तुम्हीच जरा हळू बोला."