बत्तिसावा नट

एकतीस नटांवर लाल रेघ होती. बत्तिसाव्यावर नव्हती, आणि मिस्त्रीची बायको ती ओढायला तयार नव्हती.

"नऊ नंबरचा, डाव्या बाजूचा," ती म्हणाली. "तुम्ही 'झाला' म्हटलंच नाही."

"म्हटलं." मिस्त्री आकाशपाळण्याच्या पायरीवर बसून उजवा खांदा दाबत होता. "आता काय स्टँपपेपरवर लिहून देऊ?"

सोळा पाळणे, एकेकाला दोन नट. नव्या मैदानात चाक उभं राहिलं की एकेक पाळणा खाली आणायचा, मिस्त्रीने नट आवळून 'झाला' म्हणायचं आणि मग बायकोने बारीक ब्रशने रेघ ओढायची, अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. नट पुढे जरासा जरी फिरला तरी रेघेचे दोन तुकडे होतात आणि ते खालूनही दिसतात. काम करताना दोघांच्या मध्ये पाळण्याचा पत्रा असायचा, त्यामुळे तिला त्याचा हात दिसत नसे. 'झाला' ऐकू आलं की ती पुढे येऊन रेघ ओढायची. पंचवीस वर्षांत तिने एकदाही 'नक्की ना?' असं विचारलं नव्हतं.

हे महिन्यातलं चौथं मैदान होतं. ट्रकमधून उतरल्यापासून मिस्त्रीने पाठ टेकली नव्हती. अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं.

फाटकापाशी पोराबाळांची रांग लागली होती. गळ्यात शिट्टी अडकवलेला मॅनेजर तिसऱ्यांदा येऊन उभा राहिला.

"काकू, एका रेघेपायी एवढं पब्लिक उन्हात भाजून काढायचं का? आणा तो ब्रश, मी ओढतो."

"ओढा की. मग पहिल्या फेरीला नऊ नंबरमध्ये तुम्हीच बसा."

मॅनेजरने पुढे केलेला हात खिशात घातला.

मिस्त्री उठला. बायकोचा त्याला मनापासून राग आला होता. चारचौघांत नवऱ्याची शोभा करायची काही गरज होती का? त्याने चाक हाताने ढकलत ढकलत नऊ नंबर खाली आणला, पाना नटाला लावला आणि आता बघच, अशा तोऱ्यात जोर दिला.

नट फिरला. बरणीचं झाकण फिरावं तसा, सहज. एक आटा, मग आणखी अर्धा.

बायको पत्र्याच्या पलीकडे होती. मॅनेजरचं लक्ष फाटकाकडे होतं. कोणाला काही कळलं नव्हतं. मिस्त्रीने सगळं अंग टाकून नट आवळला. आता 'झाला' म्हटलं की प्रश्न मिटला.

शब्द अगदी ओठांवर आला. तेवढ्यात त्याला दहा नंबर आठवून बघावासा वाटला. दहाचा उजवा. दहाचा डावा. अकरा. काहीच आठवेना. चार नंबरच्या टपावर पाखराने घाण केली होती, ती आठवत होती. त्यानंतर हात चालत होते, तो स्वतः कुठे होता देव जाणे. नऊच्या वेळी निदान तोंड तरी गप्प राहिलं होतं. दहा-अकराला ते नुसतं सवयीने 'झाला' म्हणालं असेल तर?

"पुसून टाक," तो म्हणाला.

"काय?" पलीकडून आवाज आला.

"रेघा. सगळ्या."

मॅनेजर धावतच आला. "सगळ्या? म्हणजे सैल निघाला की काय?"

मिस्त्रीने तोंड उघडलं, पण बायकोने त्याला बोलू दिलं नाही.

"ह्यांचं काही नाही हो. घोळ माझाच झालाय. ऊन चढलंय डोक्यात. कुठली रेघ ऐकून ओढली आणि कुठली न ऐकता, काही आठवत नाही बघा. तासभर उशीर होईल. लोकांना सांगा, काकूंचं डोकं फिरलंय."

"पटतंय लोकांना!" असं पुटपुटत मॅनेजर फाटकाकडे गेला.

तिने चिंधी रॉकेलमध्ये बुडवली आणि एक नंबरपासून रेघा पुसत निघाली. तो एकेक पाळणा खाली आणून देत होता. लाल रंग तिच्या नखांत जाऊन बसला. त्याला लाज वाटली. मग एकदम हायसं वाटलं, आणि त्याचीही लाज वाटली.

पुसून झालं तसा एक नंबर पुन्हा खाली आला. मिस्त्रीने उजव्या बाजूचा नट आवळला, थांबून आणखी एकदा आवळला.

"झाला!"

एवढ्या मोठ्याने की रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं. तो डाव्या बाजूला जायला निघाला. तेवढ्यात बायको पत्र्याला वळसा घालून त्याच्या समोर येऊन उभी राहिली. ब्रश डब्यातच होता. तिने रिकामा हात पुढे केला.

"जरा मी बघते," ती म्हणाली.

मिस्त्रीने पाना तिच्या हातात दिला.